बारीकरावांच्या चाकूचा आवाज

बारीकराव हे नाव कारखान्याने ठेवलेलं. माणूस अंगाने चांगला भरलेला होता. बारीक होती ती नजर. केसाएवढी फट दिसली तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. घडीचा चाकू हातात घ्यायचे, पाठीकडून उजेडाकडे धरायचे, एक डोळा मिटायचे. स्प्रिंग आणि पितळी पत्रा यांच्यामधून उजेडाची रेघ आली की एकच शब्द निघायचा.

"खिडकी."

म्हणजे तो चाकू गेला.

कारखाना लहान होता. एक लांब खोली, एका बाजूला पॉलिशची चाकं, दुसऱ्या बाजूला फिटरांची टेबलं, आणि टोकाला खिडकीपाशी तपासणी. खिशात मावणारे, जुन्या धाटणीचे चाकू तिथे बनत. एक पातं, एक स्प्रिंग, दोन पत्रे, मुठीच्या दोन लाकडी पट्ट्या आणि थोडे खिळे. एवढाच संसार. पण एकाच साच्यातून आलेले चाकूसुद्धा सख्ख्या भावांसारखे निघत. नाकडोळे तेच, स्वभाव निराळे. एकाचं पातं मिटताना डाव्या पत्र्याला घासून जायचं. एकाची स्प्रिंग उघडल्यावर पाठीशी सपाट असायची, मिटल्यावर मात्र नखाला लागेल इतकी वर यायची. एक सैल, खिशातल्या खिशात उघडेल असा. एक घट्ट, नख मोडेल असा. हे स्वभाव एकसारखे करणं म्हणजे फिटरचं काम. शेवटच्या खिळ्यावर एक टोला कमी पडला तर पातं डुलतं. एक जास्त पडला तर जागचं हलत नाही. तो टोला किती, हे सांगता येत नाही. बारीकरावांना ते हाताने कळायचं.

आणि कानाने. त्यांचं म्हणणं असं, की चाकूने बोललं पाहिजे. पातं अर्ध्यावर आलं की टक्. पूर्ण उघडलं की पुन्हा टक्. मिटताना खट्. आवाज स्वच्छ आला तर आत सगळं जागच्या जागी आहे. आवाज बसका आला तर दिसायला कितीही देखणा असो, आत काहीतरी बिनसलेलं आहे. डोळे मिटून, चाकू कानाशी धरून ते पारख करायचे. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलत नसे.

तपासणीच्या टेबलावर त्यांची बायको बसायची. सगळा कारखाना तिला काकू म्हणायचा. अंगठ्याचं नख पात्यावरच्या खाचेत घालून काकू प्रत्येक चाकू उघडायच्या, मिटायच्या. चांगला असेल तर ट्रेमध्ये, नसेल तर पायाशी असलेल्या लाकडी पेटीत. पेटीतला माल दोन नंबरचा. तो वजनावर जायचा. ज्याचा माल सारखा पेटीत पडू लागला त्याचं टेबल जायचं, ही तिथली रीत होती. तसं कोणी बोलून दाखवत नसे. फक्त पॉलिशवाला, ज्याच्या जिभेला हाड नव्हतं, तो गुणगुणायचा: "माल गेला पेटीत, फिटर बसला मोडीत."

बारीकरावांचा माल पेटीत गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं. नवराबायकोचं संगनमत आहे असंही कोणी म्हटलं नाही, कारण काकू कडक होत्या. लग्न नवीन असताना त्यांनी नवऱ्याचा एक चाकू पेटीत टाकला होता आणि त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता.

चाकू तयार झाला की बारीकराव तो काकूंकडे पाठवायचे आणि जागेवरूनच विचारायचे, "वाजला का?"

काकू उघडून, मिटून सांगायच्या, "वाजला."

हा त्यांचा खेळ घरीही चालायचा. कपाटाचं दार दुरुस्त केलं, कडी नवी बसवली, की बारीकराव विचारणार, "वाजला का?" आणि काकू आतून ओरडणार, "वाजला हो, वाजला!" लेक लहान होती तेव्हा तिला वाटायचं, सगळ्या घरांत असंच बोलतात.

पुढे पोलाद बदललं. निदान बारीकरावांचं म्हणणं तसं होतं.

"आजकालचं पोलाद मुकं आहे," ते म्हणायचे. "जुनं कसं खणखणीत बोलायचं. याला गळा दाबून बोलायला लावावं लागतं."

गळा दाबायचा म्हणजे स्प्रिंगला जास्त बाक द्यायचा. जोडण्याआधी ती शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, धरून ते थोडी अधिक वाकवू लागले. जास्त बाक, जास्त जोर, जास्त आवाज. तरी आवाज हवा तसा येईना. मग आणखी थोडी. शेवटी एकदा टक् असं काहीतरी कानाला लागलं की ते समाधानाने चाकू पुढे पाठवायचे. त्यांचा स्वतःचा अंगठा लाकडासारखा झालेला. त्यांना तो चाकू घट्ट लागत नसे.

"वाजला का?"

"वाजला," काकू म्हणायच्या. "छान वाजला."

त्याच सुमारास काकूंच्या उजव्या अंगठ्याचं नख चिरलं. मधोमध, मुळापर्यंत. त्यावर त्या पट्टी लावायच्या. पट्टी निघायची, पुन्हा लावायच्या.

"भांडी घासून घासून नखाची वाट लावलीस," बारीकराव म्हणाले.

"नखाचं काय एवढं. नख परत येतं."

दुसऱ्या दिवसापासून जेवणं झाल्यावर बारीकराव भांडी घासायला उभे राहिले. पॉलिशवाल्याला कुठून तरी कळलं. तो म्हणाला, "काय बारीकराव, पातेल्यांना पॉलिश मारता म्हणे? मग माझी नोकरी गेली!" बारीकराव हसले. भांडी घासत राहिले. नख काही जुळून आलं नाही. हिला जीवनसत्त्वं कमी पडत असतील, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिच्यासाठी फळं आणली आणि आपल्याच हातच्या चाकूने कापून दिली.

मग काकूंची मोठी बहीण जिन्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलं. मुलगा-सून परगावी, तिच्या घरी करणारं कोणी नव्हतं. काकूंना जावं लागलं.

बॅग भरून झाली, रिक्षा दाराशी आली, तरी काकू उंबऱ्यात घुटमळत होत्या.

"अहो, एक सांगू? थोडे दिवस स्प्रिंग हलकी ठेवा."

"का? आता तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही हो. माझ्या जागेवर ती नवी मुलगी बसणार. तिची नखं नाजूक असतील, म्हणून म्हटलं."

"नाजूक नखांनी नेलपॉलिश लावावं. तपासणीला बसू नये."

काकूंनी बॅग उचलली. मग पुन्हा खाली ठेवली, बारीकरावांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि गेल्या.

नवी मुलगी म्हणजे मालकांची भाची. कामाला सरळ, बोलायला गोड. पहिल्याच सकाळी ती बारीकरावांच्या टेबलाशी आली. हातात चाकू.

"काका, हा उघडत नाही हो."

बारीकरावांनी चाकू घेतला, अंगठा लावला, उघडला. "हा काय उघडला. नख वाढव."

ती परत गेली. थोड्या वेळाने पुन्हा आली, बोट तोंडात धरून. दुपारपर्यंत ती यायची थांबली होती. बारीकरावांनी मान वळवून पाहिलं. त्यांच्या मालाचा ट्रे रिकामा होता. तिच्या पायाशी पेटी होती आणि पेटी भरली होती.

आपला माल पेटीत पाहण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांना आधी वाटलं, तो दुसऱ्या कोणाचा आहे. मग लाकडाचा रंग ओळखू आला.

त्या दिवशी पॉलिशवाला काही गुणगुणला नाही. ते जास्त वाईट होतं.

दोन दिवसांनी मालक स्वतः आले. दोघं बरोबरीच्या वयाचे. कारखाना मालकांच्या वडिलांचा होता तेव्हापासून एकमेकांना ओळखत होते.

"बारीकराव, काय चाललंय?"

"मुलगी कच्ची आहे."

"मीही उघडून पाहिला." मालकांनी आपलं बोट दाखवलं. नखाखाली रक्त साकळलं होतं. "ती कच्ची असेल. मीही कच्चा झालो का?"

बारीकरावांनी हातातली हातोडी खाली ठेवली.

मालकांनी खिशातून एक चाकू काढला. "हा तुमचाच. मागच्या हंगामात एक नंबरातून मी स्वतःसाठी उचलला. बघा कसा चालतो. लोण्यासारखा. मला दुसरं काही नको. असाच द्या."

बारीकरावांनी तो उघडला. मिटला. पुन्हा उघडला. खरंच लोणी होतं. "हा माझा हात," ते म्हणाले. त्यांना बरं वाटलं. म्हणजे हात शाबूत आहे. मधल्या काळात कुठेतरी अंदाज चुकला, तो पुन्हा धरायचा, बस्स. मालकांचा चाकू आणि पेटीतला एक, असे दोन्ही ते घरी घेऊन गेले.

घरी दिव्याखाली त्यांनी दोन्ही चाकू उघडे ठेवले. फटी नाहीत. पाठ सपाट. पातं मधोमध. मग मालकांच्या चाकूच्या मुठीतल्या खोबणीत त्यांनी भिंगातून डोकावून पाहिलं, जिथे मिटल्यावर पातं जाऊन बसतं. तिथे खाली स्प्रिंगची आतली बाजू दिसते. ही बाजू कोणी बघत नाही. म्हणूनच बारीकराव ती जोडण्याआधी तेलाच्या दगडावर आरशासारखी करायचे. हा त्यांचा हट्ट होता.

तिथे ओरखडे होते. उभे, बारीक, कानशीचे. कोणीतरी तयार चाकूच्या खोबणीत पातळ कानस घालून स्प्रिंग आतून घासली होती. घासून बारीक केली होती. म्हणून ती नरम होती. म्हणून लोणी.

त्यांच्या डोक्यात सणक गेली. आपल्या चाकूला दुसऱ्याचा हात!

सकाळी ते तडक पॉलिशवाल्यासमोर जाऊन उभे राहिले.

"माझ्या मालाला कानस कोणी लावली?"

पॉलिशवाल्याने चाक बंद केलं. तो हातातल्या फडक्याकडे पाहत राहिला.

"तूच ना रे? चेष्टेलाही हद्द असते."

"आई शप्पथ, मी नाही."

"मग कोण?"

पॉलिशवाल्याने एकदा तपासणीच्या टेबलाकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. "आम्हाला वाटायचं, तुम्हाला माहीत असेल," तो म्हणाला. "दोघांनी मिळून ठरवलं असेल."

बारीकरावांनी आजूबाजूला पाहिलं. सगळे खाली मान घालून काम करत होते. सगळ्यांनी मूग गिळले होते, आणि आजचे नाही.

तपासणीच्या टेबलाला एक खण होता. भाचीने तो उघडला नव्हता. काकूंचं सामान म्हणून तसाच ठेवला होता. बारीकरावांनी उघडला. आत चष्म्याची जुनी डबी, आणि डबीत एक पातळ कानस. धार पार गुळगुळीत झालेली. धरायच्या टोकाला चिंधी गुंडाळली होती, त्यांच्याच निळ्या सदऱ्याची. शेजारी एक छोटी पक्कड. तिच्या दोन्ही जबड्यांना चामडं चिकटवलेलं, पात्यावर ओरखडा उठू नये म्हणून. नख चिरल्यानंतर काकू त्या पकडीने चाकू उघडत होत्या.

भाची हळूच म्हणाली, "काका, पाणी आणू?"

"नको."

त्या दिवशी त्यांनी काम केलं नाही. नुसते बसून राहिले. एक गोष्ट मात्र त्यांना समजेना. चाकू घट्ट होता तर ती बोलली का नाही? लग्न नवीन असताना जिने पेटीत टाकायला कमी केलं नाही, तिने आता ताकास तूर का लागू दिली नाही?

संध्याकाळी दारावर थापा पडल्या. शेजारीण होती. हातात काकूंकडून मागे नेलेली इस्त्री.

"अहो, किती वेळ बेल वाजवतेय! हात दुखला माझा."

"बेल बिघडली आहे ना. हीच म्हणाली. महिने झाले असतील."

"कुठे बिघडलीय?" शेजारणीने बटण दाबलं. "वाजतेय की."

बारीकरावांनी तिचं बोट पाहिलं. बटणावर होतं. तिने बोट उचललं, पुन्हा दाबलं. शेजारीण त्यांच्याकडे बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहरा बदलला.

"हां," बारीकराव म्हणाले. "वाजतेय."

दार लावून ते आत आले. कपाटात त्यांनी घडवलेला पहिला चाकू होता, जुन्या पोलादाचा, खणखणीत बोलणारा. त्यांनी तो कानाशी धरला आणि उघडला. अंगठ्याला धक्का जाणवला. पात्याचा कंप मुठीत उतरला. आवाज आला नाही. दुसऱ्या कानाशी धरला. मिटला. उघडला. मिटला.

पोलाद मुकं झालं नव्हतं.

दिवा लावायचं राहून गेलं. माणसांचं बोलणं त्यांना ऐकू येत होतं, गाड्या ऐकू येत होत्या, हातोडी ऐकू येत होती. गेलं होतं ते फक्त एक बारीक टोक. बारीकरावांचं सगळं त्या टोकावर उभं होतं. आणि ते टोक ऐकण्याच्या नादात त्यांनी स्प्रिंगा वाकवल्या, आणखी वाकवल्या, आणि त्यातला प्रत्येक चाकू आधी एका बाईच्या अंगठ्यावर गेला. नंतर तिला भांडी घासू न देणारेही तेच.

बहिणीला चालता येऊ लागल्यावर काकू परत आल्या. आल्या आल्या घर आवरलं. बहिणीच्या सुनेबद्दल दोन वाक्यं बोलल्या, त्यातलं एक चांगलं. कारखान्याचं त्यांनी विचारलं नाही. बारीकरावांनी सांगितलं नाही.

जेवणानंतर काकू मोरीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. नळ चालू होता. आज भांडी त्यांनी हट्टाने स्वतःकडे घेतली होती. बारीकराव टेबलाशी बसले होते. समोर चाकू होता, मिटलेला. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. चाकूला बोट लावलं नाही.

"वाजला का?" त्यांनी विचारलं.

"वाजला," काकू म्हणाल्या. वळल्याही नाहीत. "छान वाजला."

आत कुठेतरी बारीकरावांना आशा होती, की ती म्हणेल, काय वाजला? काही ऐकलं नाही मी.

काकूंनी ताट फडताळात ठेवायला मान वळवली. टेबलावर मिटलेला चाकू दिसला. गुडघ्यांवरचे हात दिसले. ताट त्यांच्या हातात तसंच राहिलं. त्यातून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"नळ चालू होता," त्या म्हणाल्या. "मला नीट ऐकू आलं नाही."

"मलाही," बारीकराव म्हणाले.

काकूंनी नळ बंद केला. इतकी वर्षं बोलायला तो एक प्रश्न होता आणि एक उत्तर.

कानाचं यंत्र आलं. लेकीने पाठवलं, चांगल्यातलं. ते घालून बारीकराव कारखान्यात गेले. पॉलिशचं चाक, हातोडी, ट्रे, भाचीच्या बांगड्या, सगळं एकदम डब्यात खडे हलवल्यासारखं वाजू लागलं. त्या गदारोळात चाकूही वाजला. कोणाच्या हातून चमचा पडला असता तरी तो आवाज तसाच आला असता. त्यांनी यंत्र काढलं आणि घरी कपाटात, पहिल्या चाकूशेजारी ठेवलं.

टेबल सोडायचं त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांनीच मालकांना विचारलं, बांधणीला माणूस हवा आहे का. मालक नको म्हणाले, मग हो म्हणाले. आता ते तयार चाकू तेलाच्या फडक्याने पुसतात आणि कागदात गुंडाळतात. त्यांच्या जागेवर नवा फिटर आहे. हात बरा आहे. एखाद्या चाकूत खिडकी असते. बारीकरावांना ती दिसते. ते कागद दुमडतात.

काकू तपासणीला आहेत. नव्या फिटरचे चाकू उघडतात, मिटतात, ट्रेमध्ये टाकतात. वाजला का असं कोणी विचारत नाही.

परवा रविवारी दुपारी त्या खिडकीत बसून नखं कापत होत्या. बारीकराव समोर होते. उजव्या अंगठ्यावरची चीर वर वर सरकत टोकाशी आली होती. काकूंनी ती तेवढी कापून टाकली. खालचं नख गुलाबी होतं, सलग, तरुण पोरीच्या नखासारखं.

"बघा," त्या सहज बोलून गेल्या, "म्हटलं नव्हतं, नख परत येतं?"

आणि त्यांनी हात पदराखाली घेतला.

बारीकराव हो म्हणाले. त्यांनी तो हात बाहेर काढला, आपल्या हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. एक डोळा मिटला. कुठेही फट नव्हती.